अंतराळातल्या फौजेच्या इंदूबाई

पडद्यावर अंतराळातली लढाई पेटली की इंदूबाई निखाडे खुर्चीत पुढे सरकायच्या आणि बोटांवर गोळ्या मोजायला लागायच्या. बाकीचे सगळे हिरोकडे बघत असायचे. हिरो कुठल्या तरी लाल ग्रहावर दगडाआड लपलेला, समोरून आठ पायांचे प्राणी चालून येताहेत, त्याच्या बंदुकीतून निळे झोत सुटताहेत, आम्ही श्वास रोखून बसलोय, आणि तेवढ्यात बाईंचा शांत आवाज यायचा, "छत्तीस झाल्या. याच्या बंदुकीत मावते तरी किती?"

बाई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. भद्रावतीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत मी नोकरीला लागलो तेव्हा त्या आमच्या सेक्शनच्या सुपरवायझर होत्या, आणि कॉलनीत माझ्या क्वार्टरपासून त्यांचं क्वार्टर चौथं होतं. बुटक्या, सडसडीत, फिक्या रंगाच्या सुती साडीतल्या. चालताना पाय घासायच्या नाहीत, दार आपटायच्या नाहीत, हातातली वस्तू टेबलावर ठेवताना आधी टेबल चाचपायच्या. इतकी वर्षं स्फोटकांच्या सोबतीनं काढल्यावर माणसाचं अंग असंच वळत असावं. कामावर बांगडी, अंगठी, पिन काही चालत नाही. सहा दिवस त्यांचे हात मोकळे असायचे आणि रविवारी सकाळी त्या दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या भरायच्या. त्यांचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. आजारपणात ते गेले तरी रविवारच्या बांगड्या काही गेल्या नाहीत. शेजारच्या एकीनं आडून आडून विचारलं, तेव्हा बाईंनी सांगितलं, की आठवड्याची सुट्टी मला मिळते तर हातालाही मिळायला पाहिजे. पुन्हा कुणी विचारलं नाही.

या सिनेमांचं वेड त्यांना लागलं ते मुलीमुळे. वर्षा सहावीत असताना तिला टायफॉइड झाला आणि तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावं लागलं. तेव्हा दुपारी टीव्हीवर एक परदेशी मालिका हिंदीत लागायची. पृथ्वीवरची एक पलटण मोठ्या जहाजात बसून ताऱ्यांमध्ये हिंडते आणि दर भागात कुणाशी तरी लढते. कॉलनीत तिचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळे 'जहाजवाली' म्हणत. बाईंनी रजा काढून मुलीच्या उशाशी बसून ती बघितली. वर्षा बरी झाली, शाळेत जायला लागली, मालिका विसरून गेली. बाई मात्र तिथेच राहिल्या. पुढे त्या जातीचे जेवढे म्हणून सिनेमे हिंदीत आले तेवढे त्यांनी बघितले. आधी डिशवर, मग सीडी आणून, मग पेन ड्राइव्हवर.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे आमचा अड्डा भरायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायची सोयच नसते, त्यामुळे पाच-सहा घरची माणसं त्यांच्या कूलरसमोर येऊन बसायची. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आणि ताक ठरलेलं. सिनेमा चालू असताना बोलायची मनाई होती, फक्त बाईंना सोडून. आणि त्या बोलायच्या ते असं, की लढाई बाजूला राहून आमचं लक्ष भलतीकडेच जायचं. जहाजाच्या कोठारात क्षेपणास्त्रं उभी ठेवलेली दिसली की त्या म्हणायच्या, आडवी ठेवायला काय झालं होतं. कप्तानानं रागाच्या भरात पेटीवर मूठ आपटली की त्या डोळे मिटून घ्यायच्या. 'जहाजवाली'तल्या हिरोला त्यांनी 'टोंगळ्या' असं नाव ठेवलं होतं, कारण तो प्रत्येक वेळी एक गुडघा टेकूनच गोळी झाडायचा. परग्रहावरच्या प्राण्यांबद्दल मात्र त्यांची काही तक्रार नव्हती. बिचारे आपल्या घरात होते, हेच तिथे गेले, असं त्यांचं मत होतं.

'जहाजवाली'त त्यांचा आवडता माणूस होता तो जहाजाच्या कोठारावरचा एक म्हातारा. दहा-बारा भागांत मिळून तो चार मिनिटंसुद्धा दिसला नसेल. खिडकीतून सैनिकांना गोळ्यांच्या पेट्या द्यायच्या आणि सही घ्यायची, एवढंच त्याचं काम. पण तो पेटी दोन्ही हातांनी धरायचा. तळाला हात लावून. बाई म्हणायच्या की या सगळ्या जहाजात नोकरी माहीत असलेला एवढा एकच आहे.

एका भागात शत्रूनं जहाजाचा मागचा भाग उडवला. कोठार तिकडेच होतं. टोंगळ्या आणि मंडळी जहाजाच्या पुढच्या टोकातून निसटली, आनंदानं मिठ्या मारल्या, गाणं लागलं. म्हाताऱ्याचं काय झालं हे कुणी विचारलंच नाही. बाई पुढचे दोन भाग वाट बघत राहिल्या. रजा संपवून कामावर आल्या त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावून घेतलं आणि माझं अक्षर बरं आहे म्हणून एक पत्र लिहायला लावलं. वाहिनीच्या नावानं, हिंदीत. आमच्या तपासणीच्या अहवालाला जसा नमुना असतो तसाच तो मजकूर होता. एक, कोठारात धूम्रपान आढळले. दोन, कोठारात क्षमतेपेक्षा जास्त माणसे आढळली. असे अकरा मुद्दे. मी हसू दाबत लिहीत होतो. बारावा मुद्दा त्यांनी सांगितला तेव्हा माझं हसू गेलं. 'भंडारी का अंतिम संस्कार नहीं दिखाया गया. कृपया सुधार करें.'

उत्तर काही आलं नाही. पत्राची प्रत मात्र त्यांनी फाइलला लावून ठेवली.

त्यांना कामावर बघितलं म्हणजे घरातल्या या गमतीमागे काय होतं ते कळायचं. आमच्या प्रत्येक इमारतीभोवती मातीचा उंच बांध असतो, म्हणजे काही झालंच तर ते शेजारच्या इमारतीपर्यंत पोचू नये. आत किती माणसं असावीत ते दारावर लिहिलेलं असतं. आत जाण्याआधी तांब्याच्या पट्टीला उघडा तळहात लावायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते. आम्ही पट्टीला हात लावायचो तो सवयीनं, चालता चालता. बाई थांबायच्या, चष्मा सारखा करायच्या आणि देवाच्या पायाला हात लावावा तसा पूर्ण तळहात टेकायच्या. रोज. माझ्या पहिल्या दिवशी माझ्या करगोट्याला अडकवलेली किल्ली त्यांना शर्टावरून कशी दिसली हे मला आजही कळलेलं नाही. त्या रागावल्या नाहीत. मला बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि घरी कोण कोण आहे ते विचारलं. मी एकेकाचं नाव सांगत गेलो. सगळी नावं सांगून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि मी किल्ली काढून दिली.

नव्या भरती झालेल्या पोरांना सुरक्षेचे धडे द्यायचं काम पुढे त्यांच्याकडे आलं आणि मी त्यांच्या मदतीला होतो. वर्ग असायचा दुपारी जेवणानंतर. जाड पुस्तक, पंख्याचा आवाज आणि वीसेक पोरं. पंधरा मिनिटांत निम्मी पेंगायला लागायची. दोन दिवस बाईंनी हे बघितलं. तिसऱ्या दिवशी रीतसर परवानगीची चिठ्ठी घेऊन त्यांनी एका सिनेमाचा तुकडा वर्गात आणला आणि पडद्यावर लावला. जहाजाचं कोठार, लढाईची धांदल, सैनिक बॉम्ब भरताहेत, एकाच्या गळ्यात साखळी, दुसऱ्याच्या हातात कॉफीचा मग, कोपऱ्यात कुणीतरी वेल्डिंग करतोय. पाच मिनिटांचा तो तुकडा दाखवून बाईंनी विचारलं, "चुका किती?"

पोरं ताठ बसली. एकानं सहा सांगितल्या, एकानं नऊ. पुन्हा लावा, पुन्हा लावा असं सुरू झालं. आवाज मोठा होता, व्हरांड्यातून जाणाऱ्या मोठ्या साहेबांना प्रशिक्षणाच्या खोलीतून तोफांचे आवाज ऐकू आले आणि ते दारात येऊन उभे राहिले. कपाळावर आठ्या. मी उठून उभा राहिलो, पोरं उठली. बाईंनी फक्त बाजूची खुर्ची पुढे ओढली.

"बसा साहेब. तुमाले किती दिसतात ते बी सांगा."

साहेब बसले. त्यांना चार दिसल्या. मागच्या बाकावरच्या गडचिरोलीच्या एका लाजाळू पोरानं अकरा सांगितल्या, तेव्हा साहेबांनी त्याला उभं करून एकेक समजावून घेतल्या आणि स्वतःच जोरात हसले. बाईंच्या सतरा होत्या. सतरावी अशी होती, की कोठाराचं दार आतल्या बाजूला उघडत होतं. धावत बाहेर पडायची वेळ आली तर माणसं त्याच दारावर चेंगरतील. त्यानंतर प्रत्येक तुकडीला तो तुकडा दाखवायची पद्धतच पडली.

मला एक प्रश्न बरेच दिवस पडला होता. दिवसभर आपण हेच काम करतो, मग घरी जाऊन पुन्हा लढाया कशासाठी बघायच्या? एकदा चहाच्या सुट्टीत, बांधाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली बसलो असताना, मी तो विचारला. मोहाची खाली पडलेली फुलं त्या एकेक उचलून पदरात घेत होत्या.

"आपन इथून डबा बंद करून देतो," त्या म्हणाल्या. "तो कुठी जाते, कोनावर पडते, मले मालूम नाई. देशाचं काम आहे, कराच लागते. पन मनात राह्यते ना, प्रमोद. त्या जहाजात सारं दिसते. कोनं भरलं, कोनं झाडलं, कोनाले लागलं. आनि ज्याले लागलं तो रबराचा. मंग चहा गोड लागते."

आणि त्या उठल्या, पदर झटकून कामावर गेल्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा क्वार्टर सोडून गावात दोन खोल्यांत राहायला गेल्या. वर्षा नर्स होऊन सिरोंच्याकडे नोकरीला होती. ती बोलवत असे, पण बाईंचा पाय निघत नव्हता. त्यातच अर्शिया त्यांच्याकडे आली.

अर्शिया बल्लारपूरची. तिचे वडील रफीकभाई शाळांचे गणवेश शिवतात, पेपर मिलकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. पोरगी पुण्याला सिनेमाचं शिकून परत आली होती आणि तिला इथेच एक मालिका करायची होती, मोबाइलवर बघतात तसली, पाच भागांची. परग्रहावर खाणकामाला गेलेली माणसं आणि त्यांच्या रक्षणाला पाठवलेली चाळीस जणांची फौज. ग्रह तिनं शोधून ठेवला होता. राजुऱ्याकडे कोळशाच्या खुल्या खाणींतून काढून टाकलेल्या माती-दगडाचे डोंगर आहेत, त्यांना सगळे 'ओबी' म्हणतात. राखाडी, काळे, उघडे. तिथे उभं राहून बघितलं तर आपण पृथ्वीवर आहोत असं खरंच वाटत नाही. आम्ही ते डोंगर रोज बघत आलो. त्यात परग्रह दिसला तो तिला. बाईंबद्दल तिनं आमच्या त्या अकरा चुकांवाल्या पोराकडून ऐकलं होतं.

स्कूटीवरून येऊन ती संहिता ठेवून गेली. चार दिवसांनी आली तेव्हा पानापानांवर पेन्सिलीचे गोल होते. मी तिथेच होतो.

"तीन दिवसापासून हे फौज लढून राह्यली," बाई म्हणाल्या. "यायनं जेवन कुठी केलं? सकाळी जातात कुठी?"

अर्शिया आधी चमकली आणि मग इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. म्हणाली की आमच्या शिकवणाऱ्यांनीसुद्धा हे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ जमलं. फौजेला जेवण मिळालं. डब्यातलं घट्ट वरण-भात, चमच्यानं खायचं. रफीकभाईंनी चाळीस गणवेश शिवले होते, त्यांची पितळी बटणं बाईंनी काढायला लावली आणि कापडी बंद लावायला सांगितले. रफीकभाई दोन दिवस धुसफुसले. उमर गेली शिवण्यात, आता बटणं कुठली लावायची ते मला शिकवणार का, असं म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच एक गणवेश अंगावर चढवून बघितला आणि मग गिऱ्हाइकांना दाखवत सुटले, की बघा, वरच्या मुलखात बटण चालत नाही.

संहितेत फौजेच्या कोठारावर एक बाई होती, ते काम कोण करणार, हे अर्शियानं मनात ठरवलंच होतं. इंदूबाईंनी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा एका अटीवर हो म्हणाल्या, की वाक्यं कुणी लिहून द्यायची नाहीत.

लढाईच्या भागाचं शूटिंग फेब्रुवारीतल्या एका रविवारी होतं, कारण सैनिकांचं काम करणारी पोरं कॉलेजची होती. बाई बांगड्या घालून आल्या होत्या, गणवेश पिशवीत होता. मी त्यांना गाडीवरून घेऊन गेलो. ओबीच्या पायथ्याशी एक मोठा कापडी मांडव उभा केला होता. त्याच्या सावलीत चाळीस पोरं राखाडी गणवेशात बसलेली, कुणी मोबाइल बघतोय, कुणी एकमेकांना सलाम ठोकून हसतोय. एका टोकाला जनरेटर चालू होता आणि त्याच्या बाजूला गॅसच्या शेगडीवर चहा. दुसऱ्या टोकाला, चार पावलांवर, लग्नांतून आतषबाजी करणारा एक माणूस चादर पसरून बसला होता. स्फोटांचं काम त्याच्याकडे होतं. चादरीवर दारूचा ढीग आणि समोर लोखंडी नळ्या. एका नळीत दारू घालून तो ती लोखंडी सळईनं ठासत होता.

बाई थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा तसा मी कधी बघितला नव्हता.

"प्रमोद, पयले शेगडी," त्या हळू म्हणाल्या. "मंग जनरेटर."

मी शेगडी विझवली, जनरेटर बंद केला. एकदम शांत झालं आणि त्या शांततेत सळईचा ठक ठक आवाज ऐकू यायला लागला. बाई पोरांकडे वळल्या आणि लग्नात पंगत उठवावी इतक्या साध्या सुरात म्हणाल्या, की चहा तिकडे त्या बाभळींखाली घेऊ, सगळ्यांनी चला, धावायचं कारण नाही. चाळीसच्या चाळीस उठले. अर्शिया काही विचारणार होती, तिला मी हाताला धरून घेऊन गेलो. मागे वळून बघितलं तर बाईंनी चपला आणि बांगड्या काढून ठेवल्या होत्या. अनवाणी, एकेक पाऊल टाकत त्या त्या माणसाजवळ गेल्या आणि त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या.

नंतर तो माणूस सांगत होता, बाईंनी आधी त्याचं गाव विचारलं. मग म्हणाल्या, भाऊ, हात थांबव. सळई वर ओढू नको, तशीच सोडून दे. आता माझ्यासंग उठ.

ते दोघं चालत बाभळींपर्यंत आले. माणूस चिडला होता. पंधरा वर्षं हेच करतोय, कधी काही झालं नाही, असं तो सगळ्यांना सांगायला लागला. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. दोन बोटांची टोकं नव्हती. त्यानं हात पाठीमागे घेतला. थोड्या वेळानं बाईंनी त्याच्याकडूनच दारूवर पाणी फिरवून घेतलं आणि ती लाकडी पळीनं पाण्याच्या पिंपात बुडवून घेतली. भरलेली नळी जागची हलवू दिली नाही, तिच्यावरच लांबून बादल्या ओतायला लावल्या. मग त्या बसल्या आणि चहा मागितला. दुसरा कप संपल्यावर त्यांनी काढून ठेवलेल्या बांगड्या एकेक करून पुन्हा हातांत भरल्या.

माणसं वाचली, पण लढाई गेली. अर्शिया मातीच्या ढिगावर जाऊन बसली. शेवटच्या भागात मोठी लढाई होती, कॅमेरा संध्याकाळपर्यंतच मिळाला होता आणि पोरांना पुन्हा गोळा करणं अवघड होतं. रफीकभाई तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मग त्यांनी विचारलं, त्या ग्रहावर हवा आहे का.

अर्शिया म्हणाली, नाही.

"मंग आवाज कायचा?"

अर्शियानं मान वर केली. बाई सांगत गेल्या. इतके सिनेमे बघितले, सगळ्यांत धाडधाड आवाज, जिथे हवाच नाही तिथे. एकदा तरी कुणी बिनआवाजाची लढाई दाखवावी अशी त्यांची जुनी इच्छा होती. माती उडाली, माणूस पडला, बस. आवाज नाही, आग नाही. पण माती उडवायची कशी, असं अर्शियानं विचारलं, तेव्हा बाईंनी बाजूच्या शेताकडे बोट दाखवलं. तिथे बायका तूर उफणत होत्या. सुपातून दाणे खाली पडत होते आणि भूस वाऱ्यावर उंच जात होतं.

बाई स्वतः शेतात गेल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण येताना त्यांच्यासोबत बारा बायका होत्या, प्रत्येकीच्या हातात सूप. त्या ओबीच्या उंचवट्याआड ओळीनं बसल्या, बारीक माती सुपांत भरून. इशारा करायचं काम बाईंनी त्या आतषबाजीवाल्याला दिलं. कुठला स्फोट कधी आणि किती मोठा, हे त्याच्याएवढं कुणाला कळत नव्हतं. तो लाल फडकं घेऊन उभा राहिला आणि बघता बघता त्याचा राग उतरला.

पहिल्या खेपेला वारा फिरला आणि सगळी माती बायकांवरच आली. बाराही जणी राखाडी झाल्या, एकमेकींकडे बघून खाली बसून हसल्या, त्यांचं बघून फौज हसायला लागली. दुसऱ्या खेपेला दोघींनी सुपासकट माती फेकली आणि एक सूप उडत जाऊन सेनापतीच्या पाठीत बसलं. तिसऱ्या खेपेला जमलं. उतरत्या उन्हात डोंगराच्या कडेवरून मातीची कारंजी एकामागून एक उठत गेली, पोरं धावली, पडली, पुन्हा उठली, आणि हे सगळं होत असताना कुणाच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. अर्शिया कॅमेऱ्याला डोळा लावून रडत होती.

बाई माझ्याजवळ उभ्या होत्या. हवाच नाही तर धूळ अशी तरंगेल कशी, ही चूक आहे, असं त्या पुटपुटल्या. मी त्यांच्याकडे बघितलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चांगली दिसून राह्यली."

त्यांच्या तोंडून एखादी चूक माफ झालेली मी तेवढी एकदाच ऐकली.

त्यांचा स्वतःचा प्रसंग सगळ्यात शेवटी, मांडवातच उभारलेल्या कोठारात घेतला. बांगड्या काढून त्यांनी गणवेश घातला होता. एकेक सैनिक येतो, पेटी घेतो, जातो. अर्शियाला वाटत होतं की त्या मोठं काहीतरी बोलतील. त्या प्रत्येकाचा पट्टा ओढून बघत होत्या, कॉलर सारखी करत होत्या. एकाच्या खिशावर हात मारला तर आत खरोखरचं लायटर निघालं. पोरगा खजील झाला, बाईंनी ते शांतपणे बाजूला ठेवलं आणि कॅमेरा चालूच राहिला. मालिकेत ते तसंच आहे. शेवटचा सैनिक सगळ्यात लहान दिसणारा होता. त्याच्या हातात पेटी दिली, पण बाईंनी ती लगेच सोडली नाही.

"रिकामा खोका वापस आनजो," त्या म्हणाल्या. "आनि तो आनाले तू बी येजो."

त्या पोराला पुढचं वाक्य होतं, ते तो विसरला. नुसती मान हलवून गेला.

ती मालिका आमच्या भागात पुष्कळांनी बघितली. बिनआवाजाच्या लढाईचं नवल झालं. बल्लारपूरच्या स्टेशनवर पोरं एकमेकांना निरोप देताना बाईंचं ते वाक्य बोलायला लागली. रफीकभाईंच्या दुकानात त्या राखाडी गणवेशातला त्यांचा मोठा फोटो लागला. पावसाळ्यानंतर बाई अखेर वर्षाकडे राहायला गेल्या आणि पुढच्या हिवाळ्यात तिकडेच, दुपारच्या झोपेत, गेल्या. वर्षाचा फोन आला तेव्हा अर्शिया आणि मी सोबतच सिरोंच्याला गेलो.

पण मला त्या आठवतात त्या त्याआधीच्या, चंद्रपूरच्या बसस्टँडवरच्या. मी काही कामानं तिथे गेलो होतो आणि सिरोंच्याची गाडी लागलेली दिसली. खिडकीशी इंदूबाई होत्या. त्यांनी मला बघितलं नाही. शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली गर्दीतून वाट काढत त्यांच्या सीटपाशी आल्या होत्या. त्यांनी बाईंना ओळखलं होतं. मी खिडकीजवळ पोचेपर्यंत त्यांतली धीट मुलगी विचारत होती, "आजी, शेवटी तुमचं कोठार उडते का नाई? त्यात दाखवलंच नाई."

बाईंनी दोघींना सरकून जागा करून दिली. मी हाक मारणार होतो, पण तेवढ्यात त्यांनी हातांनी काहीतरी दाखवायला सुरुवात केली, एक हात सपाट धरून दुसरा त्याच्याभोवती बांधासारखा गोल फिरवत, आणि मी तसाच थांबलो. गाडी सुरू झाली. त्या काय सांगत होत्या ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. गाडी वळून रस्त्याला लागली तेव्हा मागच्या सीटवरची माणसंही उठून, वाकून ऐकत होती.